कर्ज विद्यार्थ्याचे, खतावणी वॉशिंग्टनची

५ ऑगस्ट १९९३ च्या रात्री अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बिल क्लिंटन यांच्या पहिल्या अर्थसंकल्पी विधेयकावर मतदान चालले होते. आकडे अगदी काठावर येऊन अडकले होते. फिलाडेल्फियाच्या उपनगरांतून पहिल्यांदाच निवडून आलेल्या मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की या डेमोक्रॅट बाईंनी विधेयकाला विरोध करू असे मतदारांना सांगून ठेवले होते. खुद्द राष्ट्राध्यक्षांचा फोन आला आणि बाईंनी अगदी शेवटी बाजूने मत टाकले. समोरच्या बाकांवरच्या रिपब्लिकनांनी हात हलवून ‘बाय-बाय मार्जरी’ असा गजर सुरू केला. २१८ विरुद्ध २१६ मतांनी विधेयक तरले. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या मताने ती फुटली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत बाई खरोखरच पडल्या.

हा किस्सा अमेरिकेत नेहमी करवाढीची गोष्ट म्हणून सांगतात. पण त्या जाडजूड विधेयकात आणखी एक प्रकरण होते, ज्याची त्या रात्री फारशी कोणी चर्चा केली नाही. कॉलेजच्या मुलांना कर्ज कोणी द्यायचे? आतापर्यंत बँका देत आल्या होत्या, यापुढे हळूहळू सरकारच थेट देणार होते. त्यातून पाच वर्षांत सुमारे ४.३ अब्ज डॉलर वाचतील असा हिशेब मांडलेला होता. आता सरकारने बँकेला बाजूला सारून स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजायचे ठरवले, तर खर्च वाढायला हवा. इथे तो कमी कसा होत होता? याचे उत्तर शिक्षणखात्यात सापडत नाही. ते जमाखर्च लिहिण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतल्या विद्यार्थी-मदतीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास वाचताना मला वारंवार हेच दिसत आले. मुलाला किती पैसे मिळणार हे ठरवताना त्याची गरज आणि कॉलेजची फी यांच्याइतकाच, कधी कधी जास्तच, जोर असतो तो खतावणीत रक्कम कोणत्या रकान्यात पडते याचा.

सुरुवात चांगल्या मनाने झाली होती. लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर टेक्सासमधल्या सॅन मार्कोस गावी, आपल्या जुन्या कॉलेजात. स्वतः जॉन्सन उसनवारी करून शिकलेले. शिक्षण मध्येच थांबवून त्यांनी कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवले होते. तेव्हा पैशाअभावी शाळा सुटणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर घाबरलेल्या काँग्रेसने १९५८ मध्येच कॉलेजांमार्फत सरकारी पैशाचे कर्ज सुरू केले होते. तीच वाट रुंद करता आली असती. पण एक अडचण होती. सरकारने थेट कर्ज दिले की त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती सगळी रक्कम खर्च म्हणून दिसायची. पुढे ती परत येणार आहे, याला तेव्हाच्या हिशेबात जागा नव्हती. उलट बँकेने कर्ज दिले आणि सरकारने नुसती हमी घेतली, तर त्या वर्षी खर्चाच्या रकान्यात जवळजवळ काहीच पडत नव्हते. जॉन्सन यांनी हमीचा मार्ग धरला.

आपल्याकडे पतपेढीत कोणाला जामीन राहिलेला माणूस हप्ते थकले की झोप घालवून बसतो. वॉशिंग्टनचे सरकार त्याहून उदार जामीनदार होते. मुलगा शिकत असेतोवर गरजू कर्जदाराचे व्याज सरकार भरे, मुलाने कर्ज बुडवले तर बँकेचे पैसे सरकार भरून देई, आणि बाजारातले व्याज वर गेले तर बँकेला तोटा नको म्हणून वरचा फरकही सरकारच देई. धंदा बँकेचा, जोखीम करदात्याची. १९७२ मध्ये या कर्जांचा बाजार खेळता ठेवण्यासाठी ‘सॅली मे’ नावाची संस्थाही काढली गेली. त्याच वर्षीच्या कायद्याने ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या आग्रहातून गरीब मुलांसाठी परतफेडीची अट नसलेले अनुदान आले. पुढे त्याला पेल यांचेच नाव मिळाले. १९७३-७४ साली सुरू झालेले हे अनुदान वर्षाला जास्तीत जास्त ४५२ डॉलर होते. सत्तरीच्या मध्यावर ते सरकारी विद्यापीठातल्या राहण्या-शिकण्याच्या खर्चाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग भागवू लागले. आज ते एक-तृतीयांशाच्या आसपासही मुश्किलीने पोचते.

पहिला मोठा घाव १९८१ मध्ये बसला. रोनाल्ड रेगन आले आणि त्यांच्याबरोबर अंदाजपत्रकाचे प्रमुख म्हणून चौतीस वर्षांचे डेव्हिड स्टॉकमन आले. आकडे तोंडपाठ असलेला, कात्री हातात धरून बसलेला माणूस. त्या उन्हाळ्यात काँग्रेसने एकाच भल्यामोठ्या विधेयकात शेकडो योजना छाटल्या. रेगन यांनी १३ ऑगस्टला आपल्या कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरच्या मळ्यात धुक्यात बसून त्यावर सही केली. विद्यार्थ्याच्या कर्जातून पाच टक्के रक्कम आरंभीच कापून घ्यायची पद्धत त्यातून आली: हजार डॉलर घेतले तर हातात नऊशे पन्नास, फेडायचे मात्र हजार आणि वर व्याज. आपले जुने सावकारही हेच करत.

पण त्या कायद्यातली सगळ्यात कठोर कलमे कर्जाबद्दलची नव्हतीच. कमावता बाप वारला, अपंग झाला किंवा निवृत्त झाला तर त्याच्या मुलाला सामाजिक सुरक्षा निधीतून मिळणारा हप्ता १९६५ पासून कॉलेजात असेपर्यंत, वयाच्या बावीसपर्यंत चालू राहत असे. १९८१ च्या कायद्याने तो संपवला. मे १९८२ पर्यंत ज्याने कॉलेजात नाव घातले नसेल त्याला काहीच मिळणार नव्हते; जे आधीच शिकत होते त्यांचा हप्ता दरवर्षी घटत घटत बंद व्हायचा होता. पेन्शनच्या खात्यातली ओळ असल्यामुळे शिक्षणाच्या चर्चेत तिचा उल्लेखही फारसा झाला नाही. वीस-बावीस वर्षांनी अर्थतज्ज्ञ सुझन डायनार्स्की यांनी जुनी आकडेवारी काढून पाहिली, तेव्हा दिसले की वडील वारलेल्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण त्यानंतर लक्षणीय घसरले होते. मदत काढली की मुले येत नाहीत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. तो मिळाला तोवर ती मुले चाळिशीत पोचली होती.

रेगन यांचे पुढचे प्रस्ताव काँग्रेसने बहुतेक परतवले. १९८५ मध्ये शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी मदत कापली तर काही मुलांना स्टिरिओ, मोटार किंवा समुद्रकिनाऱ्यावरची तीन आठवड्यांची सुटी सोडावी लागेल, एवढेच, असे म्हटले आणि देशभर गदारोळ उठला. मंत्र्यांची जीभ कधी कधी विरोधकांचे काम करून जाते.

खरी उलथापालथ झाली ती मात्र कोणाच्या फारशी लक्षात न येता, १९९० साली. थोरल्या बुश यांच्या काळात तुटीवरून महिनोन्महिने घासाघीस होऊन जो करार झाला, त्याच्या एका कोपऱ्यात सरकारी कर्जांच्या हिशेबाचा नवा नियम होता. कर्ज थेट असो की हमीचे, त्याचा सगळ्या आयुष्याचा जमाखर्च आजच्या किमतीत काढायचा आणि तोच पहिल्या वर्षी लिहायचा. नियम रास्त होता. पण त्याने पंचवीस वर्षांचे गणित एका झटक्यात उलटे झाले. हमीच्या कर्जात बँकांना जन्मभर द्यावे लागणारे पैसे आता उघडे पडले. थेट कर्ज मात्र स्वस्त दिसू लागले, कारण सरकार स्वतः कमी व्याजाने पैसा उभा करते आणि मुलांकडून जास्त घेते. जॉन्सन यांनी जो मार्ग महाग म्हणून सोडला होता, तोच आता बचतीचा ठरला. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन टॉम पेट्री आणि इलिनॉयचे डेमोक्रॅट पॉल सायमन हे दोन वेगळ्या विचारांचे लोक थेट कर्जाच्या बाजूला उभे राहिले. १९९२ मध्ये त्याचा छोटा प्रयोग मंजूर झाला आणि १९९३ मध्ये, मार्जरीबाईंच्या मताने, मोठा कायदा.

१९९४ च्या जुलैत शंभराहून थोड्या अधिक कॉलेजांत थेट कर्ज सुरू झाले. कागद कमी, पैसा वेळेवर. कॉलेजांची मदत-कार्यालये खूश होती. नोव्हेंबरात न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे जिंकली आणि त्यांनी ही योजना मोडायचे मनावर घेतले. बँकांचा, हमी-संस्थांचा त्यांच्यावर दबाव होताच. अडचण अशी की मोडली तर कागदावरची बचत जाते. त्यावर काढलेला उपाय या साऱ्या इतिहासाचा अर्क आहे. १९९५ च्या अंदाजपत्रकी ठरावात त्यांनी हिशेबाचा नियमच बदलला: थेट कर्जाच्या किमतीत कारकुनी खर्चही जन्मभराचा धरायचा. लगेच थेट कर्ज महाग ठरले आणि ते दहा टक्क्यांवर रोखणे म्हणजे ‘बचत’ झाली. मुलगा तोच, कर्ज तेच, कॉलेजही तेच. बदलली फक्त बेरीज. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. कारकुनी खर्च धरू नये असे म्हणणारे डेमोक्रॅटही काही निर्मळ गणिती नव्हते, त्यांनाही आपल्या सोयीचीच बेरीज हवी होती.

पुढचा प्रसंग अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे. क्लिंटन यांनी ६ डिसेंबर १९९५ रोजी त्या ठरावावर बेतलेले विधेयक फेटाळले, आणि तेही जॉन्सन यांनी वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली होती ती लेखणी मागवून. अंदाजपत्रकाच्या या भांडणात सरकार दोनदा ठप्प झाले: नोव्हेंबरात पाच दिवस आणि १६ डिसेंबर ते ६ जानेवारी असे एकवीस दिवस. ते उघडते न उघडते तोच वॉशिंग्टनवर हिमवादळ कोसळले आणि कचेऱ्या पुन्हा बंद राहिल्या. हा काळ नेमका पुढच्या वर्षाच्या मदतीचे अर्ज येण्याचा. तपासणी आठवडेच्या आठवडे मागे पडली. कुठल्या कॉलेजात जायचे हे ठरवण्यासाठी मदतीचा आकडा हातात लागतो. १९९६ च्या वसंतात अनेक घरांत पत्र आले, प्रवेश मिळाल्याचे, पण आकडा आला नाही. राजकीय विजय क्लिंटन यांचा झाला, थेट कर्जही वाचले. मात्र बँकांनी सवलती देऊन कॉलेजे ओढायला सुरुवात केली आणि थेट कर्जाचा वाटा एक-तृतीयांशाच्या आसपास जाऊन तिथूनच उतरू लागला.

पुढची दहा वर्षे भरभर सांगता येतील. १९९७ मध्ये फीवर करसवलत आली. ती मुख्यतः मध्यमवर्गाच्या कामाची, कारण कर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्या घराला सवलत कशाची मिळणार? २००५ च्या डिसेंबरात तूट कमी करण्याच्या नव्या विधेयकासाठी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी परदेशदौरा अर्धवट टाकून परतले आणि सिनेटमधली बरोबरी त्यांनी फोडली. पाच वर्षांत सुमारे ३९ अब्ज डॉलर वाचणार होते, त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा विद्यार्थी-कर्जांच्या योजनांतून. घाईत मसुदा असा झाला की पालकांच्या कर्जाचे व्याज बँकेकडून घेतले तर ८.५ टक्के, सरकारकडून घेतले तर ७.९. ही चूक लक्षात येऊनही तशीच राहिली. त्याच कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाचा सगळा खर्च भागेल इतके कर्ज काढायची मुभा दिली. तिला ‘ग्रॅड प्लस’ म्हणतात.

२००८ मध्ये कर्जबाजार गोठला. बँकांना विद्यार्थ्यांची कर्जे विकताच येईनात. तेव्हा काँग्रेसने मे महिन्यात घाईने कायदा करून ती कर्जे सरकारनेच विकत घ्यायची सोय केली. आता भांडवल सरकारचे, जोखीम सरकारची. बँकांकडे मधली दलाली तेवढी उरली. ती कशासाठी द्यायची, हा प्रश्न कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी विचारला आणि सप्टेंबर २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने बँकांना या व्यवहारातून पूर्ण बाहेर काढणारे विधेयक संमत केले. दहा वर्षांत ८७ अब्ज डॉलर वाचतील असा अंदाज होता. एवढा पैसा डोळ्यांसमोर दिसल्यावर याद्या तयार झाल्याच: कम्युनिटी कॉलेजांना १२ अब्ज, लहान मुलांच्या बालवाड्यांना ८ अब्ज, बाकीतला मोठा वाटा पेल अनुदानाला.

सिनेटमध्ये ते अडकले. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली आणि अडवणूक मोडायला लागणारे डेमोक्रॅटांचे साठ मतांचे बळ गेले. ओबामांचा आरोग्यकायदा आता फक्त ‘रिकन्सिलिएशन’ या अंदाजपत्रकी वाटेने पूर्ण होणार होता, कारण तिथे साधे बहुमत पुरते. त्या वाटेवर संबंधित समित्यांना आपापल्या हद्दीतून बचत दाखवावी लागते. शिक्षण आणि आरोग्य सांभाळणाऱ्या सिनेट समितीच्या हाती बचतीची जी मोठी पुंजी होती ती म्हणजे विद्यार्थी-कर्जे. अशी दोन विधेयकांची गाठ बांधली गेली. शिक्षणाचे विधेयक आरोग्याच्या खांद्यावर बसून गेले की आरोग्याचे शिक्षणाच्या, यावर आजही वाद घालता येईल. तोवर बरीच कॉलेजे आपणहून थेट कर्जाकडे वळली होती, त्यामुळे ८७ अब्जांचे साठच्या थोडे वर उरले. बालवाड्या यादीतून गेल्या, कम्युनिटी कॉलेजांचे १२ चे २ झाले. पेलला ३६ अब्ज मिळाले.

आणि तरी शेवटचा अडथळा पेलमुळेच आला. अंदाजपत्रकाशी संबंध नसलेले काही या वाटेने नेता येत नाही, असा सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा नियम आहे. पेल अनुदानाविषयीची दोन बारीक कलमे त्यात बसत नाहीत, असा निर्वाळा सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी दिला. ती गाळावी लागली. गाळल्यामुळे सगळे विधेयक पुन्हा प्रतिनिधिगृहाकडे न्यावे लागले. २५ मार्चला सिनेटने ते ५६-४३ मतांनी आणि त्याच रात्री प्रतिनिधिगृहाने २२०-२०७ मतांनी संमत केले. ओबामांनी ३० मार्चला सही केली ती व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, जिथे उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन शिकवत असत. १ जुलै २०१० पासून बँकांचे पर्व संपले. पंचेचाळीस वर्षे लागली.

गोष्ट इथे संपली असती तर डेमोक्रॅटांना आवडली असती. पण पेल अनुदानाचा स्वभाव विचित्र आहे. जो पात्र ठरेल त्या प्रत्येकाला ते मिळते, मात्र त्यासाठीचा बराचसा पैसा काँग्रेस दरवर्षी अंदाजाने मंजूर करते. मंदीत नोकऱ्या जातात, माणसे कॉलेजकडे वळतात, उत्पन्न घटल्याने जास्त घरे पात्र ठरतात आणि अंदाज कोसळतो. २०१०-११ मध्ये नव्वद लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना हे अनुदान मिळाले. तीन वर्षांपूर्वी हा आकडा पंचावन्न लाखांच्या आसपास होता. नेमक्या त्याच वेळी सरकारी खर्चाविरुद्धच्या ‘टी पार्टी’ चळवळीच्या लाटेवर निवडून आलेले प्रतिनिधिगृह तूट छाटायला बसले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कमाल ५,५५० डॉलरच्या अनुदानातून ८४५ डॉलर कापणारे विधेयक मंजूर केले. ते टिकले नाही. पण एप्रिलमध्ये सरकार ठप्प होता होता वाचले तेव्हा झालेल्या तडजोडीत उन्हाळी सत्रासाठीचे दुसरे पेल गेले. नोकरी सांभाळून, मुले वाढवून शिकणाऱ्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना ते उन्हाळी सत्र उपयोगी पडे.

ऑगस्टमध्ये देशाची कर्जमर्यादा वाढवण्यावरून जगभराचे बाजार हादरले. २ ऑगस्टला जो करार झाला त्यात पेलची तूट भरायला १७ अब्ज डॉलर काढून ठेवले होते. ते आले कुठून? पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कर्जावरचे, शिकत असतानाचे व्याज सरकार भरत असे. १ जुलै २०१२ पासून ते बंद झाले. त्यातून पेल भरून उरलेले पैसे देशाच्या तुटीकडे गेले. म्हणजे एम.ए. करणाऱ्या मुलीच्या व्याजावर बी.ए. करणाऱ्या मुलाचे अनुदान उभे केले, आणि श्रीमंतांच्या करसवलतींना हात न लावता दोन्ही पक्षांनी ‘पेल वाचवले’ म्हणून सांगितले. डिसेंबरात आणखी एक तडजोड झाली. अनुदान मिळण्याची मुदत अठरा सत्रांवरून बारा सत्रांवर आली, आणि ती आधीच शिकत असलेल्यांनाही लागू केली. सातव्या वर्षाला पोचलेल्या, अर्धवेळ नोकरी करत पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला पत्राने कळले की आपले सरकारी अनुदान संपले.

मराठी वाचकाला अमेरिकेतले शिक्षण म्हटले की एम.एस.ला गेलेला भाचा आठवतो. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. परदेशी विद्यार्थ्याला ही सरकारी मदत मिळत नाही, तो इथल्या बँकेचे कर्ज घेऊन जातो. पण न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली, तिथेच जन्मलेली मुले हे अर्ज भरतात, आणि त्यांतली डॉक्टर व्हायला निघालेली ‘ग्रॅड प्लस’चे कर्ज घेत आली आहेत.

थेट कर्जातून सरकारला नफा होतो, हा १९९० च्या नियमावर उभा राहिलेला समज होता. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासनीस संस्थेने २०२२ मध्ये तो तपासला. १९९७ ते २०२१ या काळात दिलेल्या थेट कर्जांतून सरकारला ११४ अब्ज डॉलर मिळतील असा शिक्षणखात्याचा मूळ अंदाज होता. नव्या हिशेबाने त्यांची किंमत १९७ अब्ज डॉलर खर्च अशी निघाली. करोनाकाळात थांबवलेले हप्ते हे त्याचे एक कारण, पण मुलांच्या कमाईबद्दल आणि परतफेडीबद्दल केलेले जुने अंदाज चुकल्याचा वाटाही मोठा होता. ज्या ‘नफ्या’वर अनेक वर्षांच्या तडजोडी लिहिल्या गेल्या तो हाती आलाच नव्हता.

२०१७ मध्ये मंदी ओसरून पेलच्या खात्यात शिल्लक दिसू लागली, तेव्हा उन्हाळी अनुदान परत आले. त्याच कायद्याने शिलकीतला एक अब्जाहून अधिक डॉलरचा हिस्सा दुसरीकडे वळवलाही. काही वर्षांत पुन्हा तूट दिसू लागली. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या रिकन्सिलिएशन कायद्याने पेलमध्ये १०.५ अब्ज डॉलर घातले. आणि २००६ मध्ये तूट कमी करण्याच्या एका कायद्यातून जन्मलेले ‘ग्रॅड प्लस’ या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता जास्तीत जास्त एक लाख आणि वैद्यकासारख्या व्यावसायिक शिक्षणाला दोन लाख डॉलर सरकारी कर्ज मिळेल. त्यापुढची रक्कम ज्याला हवी आहे त्याने ती बँकेकडून घ्यायची आहे.